कडी बाहेरून

नाही म्हटलं ना, नाही. कडी आतून लावून देतो. एक सोडून दोन लावतो, पितळेच्या लावतो, वर पैसेही मागत नाही. पण बाहेरून नाही. तोंडं वाकडी करू नका. बसा जरा. लाईट सात वाजताच गेलीये आणि अंधारात रंधा मारला तर लाकडाऐवजी माझी बोटं सोलून निघतील. त्या पेटीवर नको रे बसू, खालचा सांधा अजून ओला आहे. तिकडे भुश्शाच्या पोत्यावर बस. आणि ती मेणबत्ती इकडे सरकव.

तुम्हाला काय वाटलं, पेटीत माणूस घालायचा, मग गाणं म्हणायचं, ही अक्कल तुमच्या टाळक्यातून निघाली? अरे, उष्टं आहे ते. डोळ्यांभोवती काळं फासायचं, तोंडाला पांढरं थापायचं, मुडद्यांची गाणी घसा फाटेपर्यंत किंचाळायची, सगळं त्या चौघांचं उष्टं. 'मढी' नाव होतं त्यांच्या बँडचं. तुम्ही ज्यांचं बघून शिकलात, ते त्यांचं बघून शिकले. आणि त्या मढ्यांचं चरित्र कुणी लिहिलं? माझ्या मेव्हण्यानं. तुमच्या काकूच्या पाठच्या भावानं. खोटं वाटत असेल तर आत जाऊन तिला विचारा. पण जपून विचारा, या विषयावर ती अजून माझ्याशी भांडते.

मेव्हणा लेखक होता आणि भारी सोवळा. रुमालानं पुसल्याशिवाय चमचा तोंडात घालायचा नाही. ताटात केस निघाला की दोन दिवस उपाशी. आमची थोरली तान्ही असताना त्याच्या खांद्यावर दूध ओकली, तर पठ्ठ्यानं शर्टच टाकून दिला. शिवाय शिस्तीचा. उघडं दार दिसलं की लोटणार, सैल झाकण दिसलं की घट्ट करणार. अशा माणसाच्या वाट्याला जगातला सगळ्यात घाणेरडा बँड आला. आणि तो नाही म्हणू शकला नाही. बारा वर्षं त्यानं दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिली होती. पहिलवानाचं लिहिलं, पुढाऱ्याचं लिहिलं, एका दात काढणाऱ्या डॉक्टरचंसुद्धा लिहिलं. घाम याचा, नाव त्यांचं. 'मढी'च्या गायकानं मात्र सांगितलं, "लिही. मुखपृष्ठावर तुझं नाव." त्या संध्याकाळी मेव्हणा याच दारात उभा होता. "भाऊजी, या वेळी माझं नाव," एवढंच म्हणाला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला. मी काय समजायचं ते समजलो.

मग तो खोदत बसला. आणि जे जे निघत होतं ते ऐकवून आमची जेवणं नासवत होता. तोंडाला फासायचं ते पांढरं म्हणजे कसायाकडची चरबी आणि पीठ. कपडे धुवायचे नाहीत, हा नियमच. सहा वर्षं तेच कपडे! घामानं इतके कडक झालेले की खुंटीला न अडकवता जमिनीवर उभे राहायचे. पहिल्या रांगेत कुणी ओकलं की गायक खूश. या गायकाला सगळे कवटी म्हणायचे. आणि शेवटचा खेळ पेटीचा. फेकून द्यायची आतडी बादलीतून आणायची, दोन दिवस उन्हात ठेवायची, पेटीत अंथरायची. वर माणूस निजवायचा. झाकण लावायचं.

शी! सांगतानाही तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

निजायचा कोण, तर ढोल बडवणारा. त्याला म्हणायचे इस्त्रीवाला, कारण घरची लाँड्री होती आणि दिवसभर तो तिथे इस्त्री करायचा. नखं कापलेली, भांग सरळ, कॉलर ताठ. चौघांत तोच एक स्वच्छ आणि तोच एक बुटका, म्हणून पेटीत तोच मावायचा. आत जाताना दोन काठ्या घेऊन जायचा. सगळे दिवे बंद व्हायचे. आतून तो ठकठक करायचा, बाहेरून लोक पायांनी उत्तर द्यायचे. वाढत वाढत जायचं ते. शेवटी आतून सलग चार ठोके आले की कडी काढायची आणि हा उडी मारून बाहेर. ती कडी आधी आतून होती. पण एकदा त्याला आतच ओकारी आली आणि तो वेळेआधी बाहेर आला. लोक हसले. कवटीला ते हसणं झोंबलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कडी काढून बाहेरून लावली.

पुढं इस्त्रीवाला मेला. वय सव्वीस. बँड बंद पडला. जगाला सांगितलं ते असं, की खेळ झाल्यावर तो घरी गेला, झोपला आणि झोपेत हृदय थांबलं. मेव्हण्याच्या कानावर आलं ते हेच, वीस वर्षांनंतर, आणि त्यानं तसंच लिहूनही टाकलं असतं. पण त्याची एक कामाची पद्धत होती. ज्याचं प्रकरण त्याला वाचून दाखवायचं आणि प्रत्येक पानाखाली त्याची सही घ्यायची. माणूस हयात नसेल तर जवळच्या माणसाची. म्हणून तो इस्त्रीवाल्याच्या थोरल्या बहिणीकडे गेला.

बंद पडलेल्या लाँड्रीच्या वर एका खोलीत राहायची ती. खोली अशी लख्ख की मेव्हणा पहिल्यांदाच कुणाच्या घरी रुमाल न काढता चहा प्यायला. तिनं प्रकरण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झोपेत गेला नाही तो."

"ताई, तसं तिघंही सांगतात."

"सांगू देत. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला नंबर असतो. कॉलरच्या आत, काळ्या शाईनं. घरच्या कपड्याला नंबर नाही, नुसतं बारीक वर्तुळ. लहानपणापासून घरच्या कपड्यांना वर्तुळं तोच काढायचा. त्या सकाळी तो पलंगावर होता आणि अंगात चुरगळलेला शर्ट. बटणं एक घर चुकलेली. मी कॉलर उलटून बघितली. दोनशे बारा."

मेव्हण्याला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाइकाचा शर्ट! खाली गठ्ठ्यातून हाताला लागला तो चढवला त्यांनी. लाँड्रीवाल्याचं पोर गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावत नाही हो. आमच्यात याच्याइतकी लाजेची गोष्ट नाही." "त्याला धुतला होता त्यांनी. घाईघाईत. कान धुवायचे राहिले होते... कानांत ती घाण तशीच होती. मी कापूस घेऊन बसले ना काढत. तुम्ही खरं लिहा, मी पानापानावर सही करते. खोट्यावर नाही करणार."

मेव्हण्यानं तिचा हात हातात घेतला. दुसऱ्याचा हात हातात घेणारा माणूस नव्हता तो. म्हणाला, "ताई, शब्द देतो. खरं तेच लिहीन."

आणि खरं त्याला मिळालंही. बँडमधला तिसरा, त्याला लंबू म्हणायचे, तो दोन पेग पोटात गेल्यावर ओकला सगळं. त्या रात्री गर्मी मरणाची होती. पेटीतून चार ठोके आले. कवटीनं हात वर केला, थांबा! लोक बेभान झाले होते ना. पुन्हा चार ठोके. पुन्हा हात वर. मग ठोके काठीचे राहिले नाहीत, मुठीचे झाले. लोक आणखी नाचायला लागले. त्यांना वाटलं, काय झकास वाजवतोय! अकरा मिनिटं... अकरा मिनिटांनी कडी काढली. तो स्वतःच्या ओकारीत गुदमरून गेला होता. "पण मी सही करणार नाही," लंबू म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

आता सांगा, काय करायला हवं होतं मेव्हण्यानं? सोपं आहे, नाही? भुश्शाच्या पोत्यावर बसून सगळं सोपंच असतं. कवटीनं त्याला एकच वाक्य ऐकवलं. "झोपेत लिही, नाहीतर मुखपृष्ठावर दुसऱ्याचं नाव येईल." आणि माझ्या मेव्हण्यानं, सख्ख्या मेव्हण्यानं, लिहिलं... झोपेत. इस्त्रीवाल्याच्या बहिणीच्या सहीऐवजी कवटीची सही घ्यायची ठरवली. सहीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पानं छापखान्यात द्यायची होती.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. अमावस्या नव्हती, पाऊस नव्हता, कुत्री रडत नव्हती, उगाच अंगावर शहारे आणू नका. छान चांदणं होतं. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी मेव्हणा कवटीच्या गोदामात पोचला. कवटी तेव्हा काय विकायचा माहीत आहे? न्हाणीघराच्या फरशा आणि बेसिनं! पांढरीशुभ्र. तरुणपणी लोकांना ओकायला लावलं आणि उतारवयात बेसिनं विकायला बसला.

कवटी टेबलावर पाय टाकून काडीनं दात कोरत होता. काडीला लागलेलं बघायचा, पुन्हा तोंडात घालायचा. मेव्हण्यानं पानं पुढं केली. दर पान उलटताना कवटी अंगठा जिभेवर फिरवायचा. सही, थुंकी, पान. सही, थुंकी, पान. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ओला डाग.

"छान लिहिलंयस रे. 'शांत झोपेत.' वा!"

"बहिणीचं काय सांगायचं?" मेव्हण्यानं विचारलं.

"वेडी आहे म्हणून सांगायचं." कवटीनं काडी चहाच्या कपात टाकली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "पेटी मागच्या खोलीत आहे. लांबी-रुंदी घेऊन ठेव, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला हवीय. जाताना कुलूप लाव. मी जेवायला जातो."

तो गेला. मेव्हणा पानं काखेत धरून मागच्या खोलीत गेला. एक बल्ब. तिन्ही भिंतींना फरशांच्या चळती, खाली पांढरी फरशी आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली पेटी. पेटीचं त्याला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. सुक्या लाकडाची, धुळीची पेटी. लांबी पाच फूट तीन इंच. झाकण उघडलं. आत काही नाही. वासही नाही. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं होती, पुट्टीनं बुजवलेली. आणि भोकांच्या भोवती... ओरखडे. खूप. एकावर एक. काही ओरखड्यांत नखाचा तुकडा अजून अडकलेला.

त्यानं झाकण लावलं. आणि शिस्तीचा ना तो. हात आपोआप गेला आणि कडी घातली. बाहेरून.

मोजपट्टी गुंडाळली. वळला.

ठक.

घड्याळ बघायची सवय होती त्याला. नऊ सत्तेचाळीस.

ठक... ठक...

उंदीर असेल. लाकूड आहे, थंडीत आकसतं, वाजतं. मी सुतार आहे, मला विचारा, लाकूड असं वाजत नाही.

ठक ठक ठक ठक.

चार.

मेव्हणा जागचा हलला नाही. कडी हाताच्या अंतरावर होती. नुसती वर करायची. एवढंच. पण उघडलं की ते खरं ठरणार. आणि सह्या झालेली पानं काखेत होती, ओली पानं... त्यांचा ओलावा त्याला कुशीला जाणवत होता.

पुन्हा चार.

मग वास आला. गरम. गोडसर. आधी नाकात, मग जिभेवर. त्यानं तोंड दाबलं. वास हाताच्या आतूनही आला.

ठोके मुठीचे झाले.

झाकणाच्या फटीतून काहीतरी यायला लागलं. दाट. पिवळट. पांढऱ्या फरशीवरून सावकाश त्याच्या बुटापर्यंत आलं. त्यानं पाय मागं घेतला. तेवढंच केलं त्यानं. पाय मागं घेतला...

ठोके विरळ झाले.

मग खरवडणं.

मग तेही नाही.

नऊ अठ्ठावन्न.

मांडा हिशोब. अकरा मिनिटं, पोरांनो. तोही उभा राहिला. ज्यांना शिव्या देत होता त्यांच्याइतकाच वेळ, घड्याळ बघत.

मग त्यानं कडी काढली. झाकण उचललं. पेटी रिकामी. कोरडी ठणठणीत. फरशीही कोरडी. पण त्याच्या शर्टाची उजवी बाही, कोपरापर्यंत, चिंब भिजली होती.

घरी कसा आला ते त्यालाही सांगता आलं नाही. तो पलीकडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा. चारदा आंघोळ केली. शर्ट साबणाच्या पाण्यात घातला, पाणी बदललं, पुन्हा घातला, वास तसाच. शेवटी बादली दाराबाहेर ठेवून दार लावून घेतलं. पोटात काही उरलं नव्हतं तरी ओकत राहिला. मला म्हणाला, "भाऊजी, त्या घाणीची किळस तासाभरात गेली हो. माझी मला जी शिसारी आली ती जाईना." आरशात तोंड बघवेना त्याला. ती थुंकी लागलेली पानं त्यानं फाडली, एकेक करून, आणि टेबलाशी बसला. गिऱ्हाइकाचा शर्ट लिहिला. चुकलेली बटणं लिहिली. कान लिहिले. अकरा मिनिटं लिहिली. मुखपृष्ठावर कुणाचं नाव येणार, हे त्या रात्री त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ठक ठक ठक ठक.

दारावर.

या वेळी तो थांबला नाही. खुर्ची पडली ती उचललीसुद्धा नाही. धावत गेला आणि कडी काढली.

बाहेर कुणी नाही. लांबलचक गॅलरी, चांदणं, एकसुद्धा दिवा नाही. बादली पालथी घातलेली, कोरडी. तिच्यावर त्याचा शर्ट. धुतलेला, घडी घातलेला, कडक इस्त्रीचा. त्यानं वाकून उचलला. गरम होता. नुकताच इस्त्रीखालून निघावा तसा गरम. आणि वास फक्त साबणाचा.

सकाळी छापखान्यात न जाता तो शर्ट आणि पानं घेऊन इस्त्रीवाल्याच्या बहिणीकडे गेला. तिनं आधी शर्ट घेतला. सवयच तिची, कॉलर उलटली. नंबर नव्हता. बारीक वर्तुळ होतं, काळ्या शाईचं. बराच वेळ बघत राहिली.

"टोकं जुळलेली नाहीत बघा," म्हणाली. "त्याची कधीच जुळायची नाहीत. आई ओरडायची."

मग तिनं चष्मा लावला आणि पानापानावर सही केली. एकदाही न थांबता.

कवटीनं पुस्तकातून अंग काढून घेतलं, कोर्टाची धमकी दिली, पण लंबूनंही शेवटी सही दिली आणि धमकी विरली. दुसऱ्या एका लहानशा प्रकाशकानं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर मेव्हण्याचं नाव आहे, अगदी खाली, भिंग लावून वाचावं एवढं. ज्या पोरांनी ते वाचलं त्यांनी आपल्या पेट्यांच्या कड्या आतून करून घेतल्या, चार तर मीच करून दिल्या. तुम्ही वाचलं नाहीत. तुम्ही फक्त तोंड रंगवायला शिकलात.

शर्ट? शर्ट आहे ना. त्यानं इथे आणून दिला. "भाऊजी, घालवत नाही आणि टाकवतही नाही," म्हणाला. त्या कपाटात बघ, मधल्या कप्प्यात, करवतींच्या मागं. वर्तमानपत्रात गुंडाळलाय. काढ. एकोणीस वर्षं झाली. धुतला नाही, घातला नाही, उलगडलासुद्धा नाही. मेणबत्ती जवळ धरा रे. कागद सोड हळू. कॉलर उलट. दिसलं वर्तुळ? टोकं बघ...

काय झालं? हात का मागं घेतलास?

काहीतरीच काय. बघू, इकडे दे.

...

काकू? छे. शर्ट या कपाटात आहे हेही तिला ठाऊक नाही. आणि इस्त्री कशावर करणार? सातपासून लाईट नाही घरात.

...

ठेव. होता तसा ठेव. कागद नीट गुंडाळ.

आणि त्या डब्यातून कडी काढ. पितळेची. दोन्ही काढ.